व्याह्यांची सरकारी शाळा

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. देवळात फसवलं, देवाच्या पुढ्यात फसवलं, आणि दोन्ही घरची पंचवीस-तीस माणसं जेवणाची वाट बघत बसलेली असताना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते वाचून कोणाला वाटेल, हा व्याह्यांची आरती ओवाळतोय. ओवाळतोय, पण कपाळाला आठी घालून. मी डिचोलीच्या बाजारातला काजूच्या बियांचा व्यापारी. डोक्यावर पोतं घेऊन सुरुवात केली, मग सायकल, मग टेंपो, मग स्वतःचं दुकान. कोणी मला फुकट काही दिलं नाही आणि मीही कोणाला दिलं नाही. सर्वणपासून लाटंबार्शापर्यंत कुठल्याही बागायतदाराला विचारा, पहिल्या बोलीला मी कधी मान हलवली आहे का. बायको सांगते, बोहल्यावर चढण्याआधी मी भटजींना विचारलं होतं, मंगलाष्टकं किती म्हणणार आणि त्यातली किती गाळता येतील. असा मी, एका माणसाच्या अटीला घासाघीस न करता, हात जोडून, चारचौघांच्या सुरात सूर मिसळून 'व्हय' म्हणून मोकळा झालो. आपण काय कबूल केलं ते मला सहा वर्षांनी कळलं.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. माझ्या मुलीची सोयरीक ठरत होती. मुलगा मुरगाव बंदरात नोकरीला, शनिवारी घरी येणारा. घर लाटंबार्शाच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, एका वाड्यावर. वाडा म्हणजे आमच्याकडे घरांची वस्ती. तिचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं दुकानात येऊन भांडतील, आणि भांडणात मी हरणार नाही, पण त्यांच्या काजूच्या बिया दुसरीकडे जातील. बोलणी करायला मी पूर्ण तयारीनं गेलो होतो. ते किती मागतील, मी किती म्हणेन, कोणत्या क्षणी चपला घालून उठायचं आणि कोणी मला हात धरून पुन्हा बसवायचं, हे सगळं मेव्हण्याला पढवून ठेवलं होतं. मुलाचे वडील खांद्यावर टॉवेल टाकून शांत बसलेले. म्हणाले, "आमकां कांय नाका. चली दियात. देवळांत गाऱ्हाणें घालूंया, जालें." मुलगी द्या, बाकी काही नको, असं म्हणणारं गिऱ्हाईक दिसलं की मी आधी तराजू तपासतो. तेव्हाही शंका आली. पण मेव्हण्यानं चिमटा काढला आणि मी चहाचा कप उचलला.

गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवापुढे नारळ ठेवतात आणि गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा घाडी एकेक मागणं खड्या आवाजात मांडतो. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." ही आमच्या तोंडाला लहानपणापासूनची सवय. श्वास घेताना कोणी विचार करत नाही, तसा इथेही कोणी करत नाही. घाडी म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या दोन घराण्यांची सोयरीक तुझ्या पायांकडेन जुळटा, ती सुखान पार पाड रे म्हाराजा." आम्ही म्हटलं, व्हय म्हाराजा. "कोणाची वायट नदर आसल्यार ती भायर काड रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "ह्या संसाराच्या वेलीक जें पयलें फळ येतलें, तें गांवच्या सरकारी शाळेंत शिकून व्हड जावं रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. माझा आवाज मुळातच मोठा. ते तिसरं 'व्हय' सगळ्यांत मोठ्यानं मी म्हटलं, असं त्या वाड्यावर अजून सांगतात. मला आठवतं ते एवढंच, की आतून जेवणातल्या खतखत्याच्या भाजीचा वास येत होता.

आमच्या व्याह्यांइतकं शाळेचं वेड लागलेला माणूस पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत शोधून सापडणार नाही, आणि सापडला तर तो यांच्याकडूनच शिकलेला असेल. कोणाला नाटकाचं वेड असतं, कोणाला भजनाचं. यांना सरकारी प्राथमिक शाळेचं. त्यांच्या लहानपणी वाड्यावर शाळा नव्हती. पोर्तुगीज गेले तेव्हा ते मिशा फुटलेले, नांगर धरणारे बापये, चांगले मोठे गडी, होते. देवळाच्या मंडपात पहिली शाळा भरली त्या सकाळी हे बैल सोडून आले आणि पहिलीच्या पोरांच्या ओळीत मांडी घालून बसले. मास्तर म्हणाले, तुमचा मुलगा कुठला? हे म्हणाले, "हांवूच." पावसाळ्यात शेतीसाठी सुट्टी घेत घेत त्यांनी चौथी पुरी केली. आपल्याला वाचता येतं या गोष्टीचं त्यांना झालेलं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. आजही रस्त्यानं चालताना दुकानाची पाटी दिसली की थांबून ती पूर्ण वाचतात, मग पुढे जातात. त्यांच्याबरोबर डिचोलीच्या बाजारातून जाणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम.

वाड्यावरची पोरं त्यांना नावानिशी, जन्माच्या महिन्यानिशी पाठ. जन्मलेली तर आहेतच, पण न जन्मलेलीसुद्धा. कोणाच्या सुनेला सातवा लागून फुलं माळायचा दिवस ठरला की आमंत्रण असो नसो, हे सोप्यावर हजर. पेढा तोंडात टाकून हिशेब करायचे, पाच वर्षांनी जून, मग पहिलीत बसेल. एकदा एका घरी सुनेनं सासूला बातमी सांगण्याआधीच पोरांची नोंद ठेवायच्या यांच्या वहीत त्या घरापुढे बारीक टिंब पडलेलं होतं. सासू भडकली. म्हणाली, "तुमकां कोणें सांगलें?" हे शांतपणे म्हणाले, "कोणें ना. दोन दीस ती आंबट आंबाड्यांच्या झाडासकयल दिसली." सासूनं आधी सुनेकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि मग चहा ठेवायला आत गेली.

शाळेचं छप्पर गळायला लागलं तेव्हाचा किस्सा मी स्वतः बसकंडक्टरच्या तोंडून ऐकलेला. तीन अर्ज पाठवले, उत्तर नाही. चौथ्या वेळी हे अर्ज न घेता एक फुटकं कौल टॉवेलात गुंडाळून पणजीला गेले आणि ते साहेबांच्या मेजावर ठेवून आले. पंधरा दिवसांनी दुसरं कौल. मग जनेलाची, म्हणजे खिडकीची, सडलेली चौकट. एक दिवस शाळेचं अख्खं दारच बिजागऱ्यांतून काढून बसच्या टपावर चढवलं. कंडक्टरनं विचारलं, लग्नाचं सामान? हे म्हणाले, "न्हय, अर्ज." कचेरीत जिन्यावरून दार वर नेताना दोन शिपायांनी हात लावला, कारण मध्ये अडकलं असतं तर त्यांनाच खाली उतरता आलं नसतं. साहेब म्हणाले, हा काय प्रकार? हे म्हणाले, "साहेब, कागद तुमच्याकडे हरवतात. दार हरवत नाही." त्या पावसाआधी छप्पर झालं, दार झालं. जुन्या दारासकट मात्र त्यांना कचेरीनं स्वतःच्या जीपनं परत सोडलं. ते पुन्हा वर येईल या भीतीनं, असं कंडक्टर म्हणतो.

तरी ही सगळी किरकोळ कामं. खरी करामत त्या वहीची, जिला ते चोपडी म्हणायचे. नव्वदीच्या आसपास आमच्याकडे एक हवा सुटली होती. ज्याच्या दारात खाणीवरचा ट्रक उभा राहिला किंवा ज्याचा मुलगा आखातात गेला, त्याचं मूल गाडीत बसून शहरातल्या इंग्रजी शाळेत जायला लागलं. त्यातच राजभाषेचं भांडण. भावाभावांत बोलणं बंद झालेली घरं मला माहीत आहेत. शाळेत पालकसभा भरली की एक म्हणायचा मराठीच हवी, दुसरा म्हणायचा कोंकणीच हवी, आणि त्या वाड्यावरचा एक ट्रकमालक पाय पसरून म्हणायचा, "दोनूय नाकात, इंग्लीश हाडात," म्हणजे इंग्रजी आणा. अशाच एका सभेत आवाज इतके चढले की बाई, म्हणजे पेडण्याहून दोन बसगाड्या बदलून येणाऱ्या आमच्या शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका, खडू खाली ठेवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा हे उठले. कौलं बसायची होती त्याच्या आधीची ही सभा. म्हणाले, "तुमी झगडात. पूण कौलां खंयचे भाशेन गळटात, तें पयलीं सांगात." कौलं कोणत्या भाषेत गळतात ते न ठरताच सभा उठली. दुसऱ्या दिवसापासून चोपडी घेऊन ते घरोघर फिरायला लागले.

ज्या घरातलं मूल शाळेतून काढलेलं किंवा काढायच्या बेतात असेल तिथे जायचं, सोप्यावर बसायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. "भुरगें शाळेंत धाडपाक तुमकां कितें जाय?" म्हणजे, मूल शाळेत पाठवायला तुम्हाला काय हवं. सांगेल ते लिहून घ्यायचं आणि खाली सही. सही येत नसेल तर अंगठा. मग ते जे असेल ते करून दाखवायचं, आणि पुन्हा त्याच घरी जाऊन त्याच जागी बसायचं. मी बाजारात आयुष्य काढलं, पण असा सौदा करणारा माणूस पाहिला नव्हता. आम्ही व्यापारी समोरच्याची मागणी तोडून अर्ध्यावर आणतो. हे समोरच्याची मागणी जशीच्या तशी पुरी करतात आणि त्याला पळायला जागाच ठेवत नाहीत.

एका घरातली आई म्हणाली, शाळेत मुलींना जायला आडोसा नाही, माझी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही. व्याही त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत, असं माझी मुलगी सांगते. इतकी वर्षं आपण त्या शाळेत बसतो आणि हे आपल्याला कळलं नाही, याचा त्यांना राग आला होता, स्वतःचाच. महिन्याभरात चिऱ्यांचा संडास उभा राहिला. अर्धे चिरे पंचायतीचे आणि अर्धे त्यांच्या स्वतःच्या गोठ्याची भिंत पाडून आणलेले. गाई त्या पावसाळ्यात घराच्या पडवीत होत्या. ट्रकमालक म्हणाला, "तुमच्या शाळेंत टाय खंय आसा?" थट्टाच होती. हे म्हणाले, "बरय," आणि शिंप्याकडून सगळ्या पोरांना लाल टाय शिवून घेतले. पायात चप्पल नाही, गळ्यात टाय, अशी पोरं शेतांच्या बांधावरून रांगेनं जाताना मी स्वतः पाहिली आहेत, आणि हसू आवरेना म्हणून टेंपो बाजूला घेतला आहे. हे पुन्हा ट्रकमालकाच्या सोप्यावर. त्यानं दुसरी अट काढली, गाडी पाहिजे. गाडी झाली, म्हणजे यांची बैलगाडी. तिसरी, चौथी. पाचव्या वेळी त्याची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, खरें सांगूं? हांगां धाडलें जाल्यार लोक म्हणटले, ट्रक बँकेन व्हेलो." ट्रक जप्त झाला असं लोक म्हणतील, एवढीच खरी अडचण होती. व्याह्यांनी तेही लिहून घेतलं. म्हणाले, "हें पयलींच सांगपाचें न्ही गे. टाय वाचलो आसतो." मग त्याच ट्रकमालकाला त्यांनी पालकांच्या कमिटीचा अध्यक्ष केलं, चतुर्थीला देवळात सगळ्यांसमोर नारळ दिला. आता त्याचं मूल दुसरीकडे जाणं हीच लाज झाली. जूनमध्ये मूल शाळेत. ही चाल ऐकून मी दुकानात गिऱ्हाइकांसमोर व्याह्यांना दाद दिली होती.

पण ऐकून दाद देणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. माझी नात पाच वर्षांची झाली. मी शहरातल्या इंग्रजी शाळेत तिची जागा ठरवून ठेवली, गणवेश शिवला, बूट घेतले. संक्रांतीच्या सुमाराला व्याही दुकानात आले, पोत्यावर बसले, म्हणाले, "व्याहीबाब, चलयेचें नांव हांवें घालें. आमच्या शाळेंत."

मी म्हटलं, "नातीचं नाव घातलं? कोणाला विचारून?"

"तुमकां. तुमी व्हय म्हाराजा म्हणलां."

पुढे मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाजार थांबला होता. समोरचा पोदेर पावांची टोपली सायकलवर तशीच ठेवून ऐकत उभा. देवळातल्या रीतीचा असा कोणी फायदा घेतो का, असंही म्हणालो. ते म्हणाले, "घेता न्ही." म्हणजे, घेतो ना. माझ्या बोलण्याचा दम संपेपर्यंत ते बसून राहिले, मग पिशवीतून चोपडी काढली. "नाका तर नाका. पूण तुमकां कितें जाय तें सांगात." मला वाटलं, सापडला. मी ट्रकमालक नव्हे. ज्या पुऱ्या करताच येणार नाहीत अशा अटी घालतो. अकरा घातल्या. मूल जमिनीवर बसता कामा नये. वीज पाहिजे. नळ पाहिजे. शाळेत साप येता कामा नये. बाईंना मतदारयादी आणि जनगणनेसाठी शाळेबाहेर नेता कामा नये. आणि शेवटची, शाळेत इंग्रजी बोलणारं एक तरी माणूस पाहिजे. त्यांनी सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली, चहा प्याले आणि गेले.

मी विसरलो की या माणसानं पणजीला दार नेलं होतं. बाकं आली, वीज आली, नळ आला. सापासाठी त्यांनी आवारातलं रान साफ केलं आणि दोन मांजरं पाळली, ज्यांची नावं शाळेच्या भिंतीवर बाईंनी सुबक अक्षरात लिहिली आहेत. सरकारी कामाला बाईंना न जाऊ देणं हे त्यांच्याही हातात नव्हतं, तर त्यांनी काय करावं? यादीचं काम आलं की मधल्या सुट्टीत बाईंच्या समोर बसून वाड्यावरचं घरन् घर, माणूसन् माणूस, वयासकट तोंडपाठ सांगायचे. बाई लिहून घ्यायच्या. सुट्टी संपेपर्यंत यादी पुरी, बाई पुन्हा वर्गात. इंग्रजीसाठी शेजारच्या गावात मुंबईच्या शाळेतून निवृत्त होऊन आलेल्या एक मिस होत्या. आठवड्यातून दोन दिवस त्या बैलगाडीतून यायच्या, छत्री उघडून, राणीसारख्या. त्या तासाला हे स्वतः शेवटच्या बाकावर. काही दिवसांनी नांगरताना बैलांना 'सिट डाऊन प्लीज' म्हणायला लागले. बैल बसायचे नाहीत, पण थांबायचे, आणि व्याह्यांच्या मते तेवढं पहिल्या इयत्तेला पुष्कळ होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नात त्या शाळेत गेली. नवीन बूट तिनं स्वतःहून बाहेर काढून ठेवले, कारण बाकीच्यांना नव्हते. मी चिडलेलाच होतो. ऑगस्टमध्ये न सांगता शाळेत गेलो, चुका काढायला. दाराबाहेर उभा राहिलो. शेवटच्या बाकावर व्याही, मांडीवर पाटी. बाई चौथीला भूगोल शिकवत होत्या, आणि पहिलीतल्या माझ्या नातीनं मध्येच हात वर करून विचारलं, "बाई, खाणीची माती लाल, मग आमच्या विहिरीचं पाणी का लाल नाही?" मला वाटलं, आता बाई तिला गप्प बसवणार. बाई म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही. विचारून उद्या सांगते." मी आजवर एकाही शहाण्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. आमच्या बाजारात तसं म्हटलं की माणूस संपला. दुसऱ्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं आणि पुन्हा त्या दाराबाहेर जाऊन उभा राहिलो, बाई खरंच सांगतात का बघायला. त्यांनी सांगितलं. फळ्यावर डोंगर काढून, विहीर काढून सांगितलं. मलाही कळलं. व्याह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर थोडे सरकले, मला जागा व्हावी म्हणून. मी बसलो नाही. पण चुका काढायला पुन्हा गेलो नाही.

त्या चार वर्षांत ती शाळा इतकी भरली की बाईंच्या हाताखाली दुसरे मास्तर आले. दुसऱ्या वाड्यांवरची माणसं येऊन बघून जायची. माझी नात मोठ्या शाळेत पाचवीला गेली तेव्हा तिला तिथे काही जड गेलं नाही. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं, दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, व्याह्यांचं कौतुक व्याह्यांपेक्षा मीच जास्त केलं.

आणि मग नातू पाच वर्षांचा झाला. नातीचा धाकटा भाऊ. देवाला शब्द दिला होता तो पहिल्या फळाचा. दुसऱ्याचं कोणी काही बोललं नव्हतं. मुलगी म्हणाली, बाबा, मुलगा आहे. जावई शनिवारी आला, तोही म्हणाला, मुलगा आहे. मीही तेच मनात म्हणत होतो. त्याला आमच्याकडे डिचोलीत ठेवायचं आणि इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. जागा मीच मिळवली. व्याह्यांना सांगायचं धाडस कोणी केलं नाही, पण त्यांना न सांगता काही कळायचं राहत नाही.

मे महिन्यात ते दुकानात आले. पोत्यावर बसले, चोपडी काढली, नवीन पान उघडलं आणि पेन्सिल हातात धरून म्हणाले, "व्याहीबाब, आनीक कितें जाय?"

मी विचार केला. खरंच केला. बाकं होती, नळ होता, मिस होत्या, मांजरं होती. साप नव्हता. बाई होत्या, ज्या माहीत नसलेलं दुसऱ्या दिवशी सांगायच्या. मागायला माझ्याकडे काही शिल्लक नव्हतं. ट्रकमालकाच्या बायकोनं निदान खरं कारण सांगितलं होतं. मला तेही जमलं नाही. "बघूया," म्हणालो. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांनी कोरं पान मिटलं, चहा संपवला, म्हणाले, "बरय," आणि समोरच्या दुकानाची पाटी न वाचता निघून गेले.

पुढचं सगळं आपोआप झालं. त्यांचा स्वतःचा नातू शहरात जातो म्हटल्यावर वाड्यावर कोण थांबणार? ट्रकमालकानं धाकट्याला काढलं. त्याच्यामागे दोन घरं, मग चार. जायचे ते मुलगेच जायचे. मुली मागे राहिल्या, त्यांचाही आकडा आटत गेला. मास्तरांची बदली झाली, बाई निवृत्त झाल्या, मिस वारल्या. पटावर सात मुली उरल्या आणि ही शाळा पुढच्या गावातल्या शाळेत विलीन करावी असा कागद आला. तो कागद मात्र कुठेही हरवला नाही.

मला वाटलं होतं, हे पणजीला जातील, मेजावर काहीतरी नेऊन ठेवतील. ते गेले नाहीत. साती मुलींच्या घरी गेले आणि विचारलं, पुढच्या गावात जायला काय हवं. एका आईनं सांगितलं, बसमध्ये पोरी घाबरतील, सोबत कोणी हवं. तेव्हापासून सत्तरी ओलांडलेले आमचे व्याही रोज सकाळी त्या पोरींबरोबर बसमध्ये चढतात. त्यांची दप्तरं मांडीवर घेतात, रस्त्यातल्या पाट्या त्यांच्याकडून वाचून घेतात, आणि दुपारपर्यंत त्या परक्या शाळेतल्या शेवटच्या बाकावर बसून राहतात. तिथल्या मास्तरांना सुरुवातीला संकोच वाटला. आता तेही अडलं की मागे बघतात. परवा माझा टेंपो त्या बसच्या मागे होता. खिडकीतून एक पांढरं डोकं आणि सात वेण्या दिसत होत्या. मी हॉर्न वाजवला नाही. बस थांबली की थांबत, सुटली की सुटत, शाळेपर्यंत मागेमागे गेलो.

वाड्यावर आणि बाजारात आता सगळे म्हणतात, सरकारनं शाळा बंद केली. ट्रकमालक तर मोर्चा काढू म्हणतो. मी बाजारातला माणूस, मला सौदा कळतो. एकानं सगळा माल, सांगितला तसा, सांगितला तेव्हा, दारात आणून दिला. समोरच्यांनी तो तपासून घेतला, सह्या केल्या, आणि आपली बाजू पुरी करायच्या वेळी 'बघूया' म्हटलं. यात फसवलं कोणी आणि फसला कोण, हे सांगायला सरकार कशाला पाहिजे? तेव्हा मोर्चा काढायचाच असेल तर तो पणजीला नेऊ नका. त्या वाड्यावरच्या ज्या ज्या घरानं सही केली त्या घरी न्या, आणि सगळ्यांत आधी डिचोलीच्या बाजारात माझ्या दुकानावर आणा. नातीला त्या शाळेत घातलं आणि नातवाला का नाही, असं मला तोंडावर विचारा. व्याही विचारणार नाहीत. ते चहा पिऊन निघून जातात. कोणीतरी या, पोत्यावर बसा, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.